दिवस जायच्या आधीची गोळी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या गुहागर तालुक्यात लग्नं बहुतेक मे महिन्यात, आणि गणपतीला नवी सून नवऱ्याबरोबर मुंबईहून गावी येते तेव्हा कधी कधी तिला तिसरा महिना लागलेला असतो, मग आशाताई नाव घालतात, फॉलिक ॲसिड या जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू होतात. माझ्या वहिनीचं अगदी असंच झालं. बाळ जन्मलं ते पाठीवर लिंबाएवढी फुगी घेऊन, वरची कातडी इतकी पातळ की दाई हात लावायला घाबरली. मुंबईला ऑपरेशन झालं, पोर आता सहा वर्षांचं आहे, पायाला कॅलिपर लावून चालतं.

घरात मात्र एकच चर्चा, ग्रहणात हिने विळी हातात घेतली म्हणून. बिचारी दोन वर्षं रडत होती हो!

मुंबईच्या डॉक्टरांनी समजावलं तेव्हा कळलं, बाळाच्या मणक्याची आणि मेंदूची नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत मिटते, ती नीट मिटली नाही तर असं व्यंग होतं. २८ दिवस म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात, कित्येकींना तोवर पत्ताच नसतो. म्हणून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड दिवस जायच्या निदान महिनाभर आधीपासून आणि पहिले तीन महिने घ्यायचं. सगळीच व्यंगं याने टळत नाहीत, पण ही नळीची बरीचशी टळतात. ज्यांचं आधीचं बाळ असं झालंय त्यांना डॉक्टर मोठा डोस देतात, १९९१ च्या, ब्रिटनच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात त्याने पुन्हा तसं होण्याचा धोका जवळजवळ पाऊण कमी झाला. वहिनीने दुसऱ्या वेळी आधीपासून घेतली, मुलगी ठणठणीत आहे.

आपल्याकडे टाकळा, शेवग्याचा पाला, चवळी सगळं आहे, खावंच, पण पाला उकडून पाणी ओतून दिलं की त्यातलं हे जीवनसत्त्व बरंचसं निघून जातं, नुसत्या भाजीवर विसंबू नये. आणि या जीवनसत्त्वाचा शोध सुरू झाला तो मुंबईतच, लुसी विल्स या डॉक्टरांनी गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांच्या रक्तक्षयावर काम करताना, १९३१ मध्ये त्यांनी ते छापलं. त्या गिरण्यांत आपल्या कोकणातली किती माणसं होती! आणि आपल्याच सुनांना गोळी मिळते ती नळी मिटून गेल्यावर.

शाळेत मुलींना आठवड्याची निळी गोळी देतात, तसंच ग्रामपंचायतीत लग्नाची नोंद करताना नवरीच्या हातात फॉलिकची पाकिटं द्यावीत. आणि कृपा करून एप्रिलच्या आधी आपल्या पेपरात एखाद्या डॉक्टरांकडून यावर लिहून घ्या, कात्रणं वाडीत घरोघर मी स्वतः वाटेन.

आपली एक वाचक,
ता. गुहागर, जि. रत्नागिरी