‘टॉय स्टोरी’ची गोष्ट संपली होती

२०१० साली ‘टॉय स्टोरी ३’ हा पिक्सार स्टुडिओचा खेळण्यांवरचा अ‍ॅनिमेशनपट पाहून बाहेर पडताना मी आणि माझा भाऊ एकमेकांकडे बघायचं टाळत होतो. दोघांचेही डोळे भरले होते. कॉलेजला निघालेला अँडी आपली खेळणी छोट्या बॉनीला देतो, तेव्हा खोक्याच्या तळाशी त्याचा सगळ्यात लाडका बाहुला वुडी निघतो. ती हात पुढे करते आणि अँडी झटकन त्याला मागे ओढतो. मग देतो. बालपणाचा निरोप इतका नेमका मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

१९९५ मध्ये सुरू झालेली गोष्ट तिथे पुरी झाली होती. तरी २०१९ मध्ये चौथा भाग काढून वुडीची आणि त्याचा खेळण्यांतला जिवलग मित्र बझची ताटातूट केली. आणि तरीही पुढे पाचवा! पुढच्या भागांना माझा सरसकट विरोध नाही. दुसऱ्या भागात जेसी या बाहुलीचं टाकून दिलं जाण्याचं दुःख नवं होतं, म्हणून तो मनात राहिला. आता पिक्सारच्याच ‘कोको’ चित्रपटाचाही दुसरा भाग जाहीर झालाय. पहिल्या भागात नायकाच्या पणजीला गाणं आठवतं, तिथे सगळं सांगून झालं आहे. पिक्सारने कृपा करून त्या गोष्टीला तरी हात लावू नये.

– एक वाचक, डोंबिवली