तक्रार: तुमची रंगाची स्प्रे गन आणि तुमच्या हेल्पलाइनचा सल्ला

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आत्ताच तुमच्या हेल्पलाइनवरचा फोन संपला. म्हणजे पलीकडून ठेवला गेला. तक्रार क्रमांक मेसेजने येईल असं सांगितलंय. आधीचे क्रमांकही मेसेजनेच यायचे होते, म्हणून आता लेखी कळवते.

मशीन तुमचंच आहे, तेव्हा वर्णन करत बसत नाही. तीन नोझलवालं, नारिंगी टाकीचं. जाहिरातीत एक बाई पांढराशुभ्र कुर्ता घालून, केस मोकळे सोडून हसत हसत भिंत रंगवते ना, तेच. तिच्या तोंडाला मास्क नाही, डोळ्यांना गॉगल नाही. बिलाची प्रत सोबत आहे.

गणपतीच्या आधी घरातलं लोखंडी कपाट रंगवायचं होतं. जुना रंग पॉलिशपेपरने घासला, प्राइमर मारला, ऑइल पेंट आणला. पहिल्याच पट्ट्यात दारावर रव्यासारखे दाणे उठले. रंग जाड असला की गन थुंकते आणि फार पातळ झाला की ओघळ येतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. मधलं माप सापडावं म्हणूनच तुम्ही खोक्यात तो काळा कप दिलाय. कप रंगात बुडवून भरायचा, वर उचलायचा आणि खालची धार तुटेपर्यंत सेकंद मोजायचे. पण ऑइल पेंटला किती सेकंद? प्लास्टिक पेंटला किती? कपावर आकडा नाही, खोक्यावर नाही, आणि पुस्तिकेत लिहिलंय, ‘आवश्यकतेनुसार पातळ करावे.’ आवश्यकता किती हेच तर विचारतेय!

हाच प्रश्न मी हेल्पलाइनला विचारला. संभाषण तुमच्याकडे रेकॉर्ड असेलच, तरी लिहिते.

“मॅडम, किती सेकंद म्हणजे? बटण दाबलं की मशीन लगेच चालू होतं.”

मी म्हटलं, मशीन नाही हो, कप. रंग कपातून गळायला किती सेकंद लागायला हवेत?

“कप रंग ओतायला आहे, मॅडम.”

“अहो, त्याला तळाला भोक आहे.”

मग होल्ड. बासरी. बराच वेळ बासरी. मग, “मॅडम, भोक असेल तर तो डिफेक्टिव्ह पीस आहे. रिप्लेसमेंट टाकू का?”

हसू आवरून मी पुन्हा समजावलं. त्यावर तुमचा प्रतिनिधी म्हणाला, “मॅडम, हे जरा टेक्निकल आहे. घरात कोणी जेन्ट्स आहेत का? त्यांना फोन द्या ना.”

जेन्ट्स घरात होते. समोरच बसून घेवडा मोडत होते. फोन स्पीकरवर होता, त्यांनी लांबूनच हात जोडले. मी शाळेत चित्रकला शिकवते आणि कित्येक वर्षं एअरब्रश, म्हणजे चित्रावर रंग फवारायची छोटी गन, वापरते. आमच्या घरात तुमच्या मशीनचं नोझल कुठल्या बाजूला आहे हे फक्त मला ठाऊक आहे. पण ते असो.

ते खरंच असो, कारण पुढचं जास्त गंभीर आहे. सीनियर लाइनवर आले आणि म्हणाले, “कुठलाही थिनर चालतो. एनसी थिनर घ्या, पटकन वाळतो. पावसाची हवा आहे, खिडक्या लावून मारा.”

महोदय, ऑइल पेंट टर्पेंटाइनने पातळ करतात. एनसी थिनर लॅकर पातळ करायला असतो; तो घातला तर खालचा जुना रंग फुगून सुटू शकतो. पण कपाट गेलं खड्ड्यात. एनसी थिनरची वाफ ठिणगी मिळाली की आपल्या नेहमीच्या हवेतसुद्धा पेट घेते. ती हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरत जाते. मुंबईतल्या खोलीत गॅसची शेगडी किती लांब असते? आणि ठिणगी उडू शकते अशी तुमच्या मशीनची मोटर माझ्या हातात, त्याच फवाऱ्याजवळ. पुस्तिकेत बारीक इंग्रजीत एक ओळ आहे की ज्वलनशील द्रव वापरू नये. खोक्यावर मात्र लॅकरच्या डब्याचं चित्र! दोन्हींपैकी खरं काय धरायचं? सोबतचा कागदी मास्क धूळ अडवेल, थिनरची वाफ अडवणार नाही. त्यासाठी वाफ शोषणारं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. ही माहिती तुमच्या एकाही कागदावर नाही.

गन साधारण वीतभर ते फूटभर अंतरावर धरायची, मनगट न वळवता हात सरळ न्यायचा, ट्रिगर कडेच्या बाहेरच दाबायचा, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा, आधी पुठ्ठ्यावर मारून बघायचं. हेही नाही. मला एअरब्रशमुळे माहीत होतं. ज्याला माहीत नाही त्याने काय करायचं, बासरी ऐकायची?

आणि टाकीत हवा सोडणारा तो इवलासा रबरी व्हॉल्व्ह. रंग आत गेला की चिकटतो, हे तुम्हाला माहीत आहेच. तो सुटा मिळत नाही, अख्खा पुढचा भाग विकत घ्या म्हणतात. लोहार चाळीच्या बाजारात विचारलं तर दुकानदार नुसता हसला.

तुमच्या कंपनीची ड्रिल आमच्याकडे वडिलांच्या वेळेपासून आहे, अजून चालते. त्याच भरवशावर ही गन घेतली. चूक कुठे झाली ते तुम्हीच शोधा.

मला हवंय ते असं. कोणत्या रंगाला कपाचे किती सेकंद, हे लेखी द्या. (हो, पुन्हा तेच. उत्तर मिळेपर्यंत तेच.) कोणता थिनर चालतो आणि कोणता अजिबात नाही, हे मराठीत, ठळक अक्षरांत द्या. खिडक्या लावून फवारायला सांगणं बंद करा, आजच. आणि माझे पैसे परत करा.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 चं कलम 84 तुमच्या वकिलांना दाखवा. योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराबद्दल इशारा न देता वस्तू विकली आणि त्यातून इजा झाली, तर उत्पादक जबाबदार, असं त्यात आहे. आमच्याकडे काही पेटलं नाही, कारण मी तुमचं ऐकलं नाही. तुमचं ऐकणारे इतर असतीलच. उत्तर आलं नाही तर आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि मग जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. तिथे मी राहते त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, आणि एवढ्या रकमेला फीसुद्धा लागत नाही.

मशीन न्यायला माणूस पाठवा. टाकी धुऊन ठेवली आहे. कपही खोक्यात आहे, भोकासकट.

एक ग्राहक,
गिरगाव, मुंबई