प्रचार बदामाच्या दुधाचा नको, शेंगांचा करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

१ नोव्हेंबर हा जागतिक व्हीगन दिन. तो जवळ आला की मोबाईलवर संदेशांचा पाऊस पडतो. मांस, मासे, अंडी नाहीत आणि दूध, तूप, मधही नाही, असा हा आहार मी स्वतः पाळते. तरीही त्या संदेशांनी सोलापुरातलं एक घर बदलेल असं मला वाटत नाही. बदामाचं दूध, टोफू, ॲव्होकॅडो यातलं काय पूर्व भागातल्या यंत्रमाग कामगाराच्या घरी येणार?

आपल्या गल्लीत हा विचार पोचवायचा असेल, तर आधी इथलं ताट बघावं. कडक भाकरी, शेंगाचटणी, तुरीचं वरण, करडईचं तेल. शेंगापोळीवरची तुपाची धार सोडली, तर यात जनावराचं काही नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते काही कुणी व्हीगन म्हणून दिलं नव्हतं! येळवशीची, म्हणजे वेळ अमावास्येची, भज्जीसुद्धा ओल्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची. ताक लागतं ते शेजारच्या आंबिलीला.

खरी अडचण मटणाची नाहीच. श्रावणात ते अनेक घरांत आपोआप सुटतं, आणि त्याच महिन्यात बासुंदी-श्रीखंड वाढतं. म्हणजे घोडं दुधापाशी अडतं. इथं भाषणाचा उपयोग नाही, वाढून दाखवावं लागतं. शेंगदाणे रात्री भिजवा, सकाळी पाणी घालून बारीक वाटा, फडक्यातून गाळा आणि मंद आचेवर उकळा. या दुधाचं दही लागतं, त्याची कढी बरी होते. चहात मात्र शेंगांचा वास राहतो, म्हणून पाहुण्यांना मी आलं-गवती चहा घातलेला कोरा चहाच देते. आमच्या भिशीत कढी आधी वाढायची आणि कशाची ते नंतर सांगायचं, हा माझा नियम. (दाण्याची ॲलर्जी कुणाला आहे का, हे तेवढं आधीच विचारते.) आधी सांगितलं की बायका नाक मुरडतात.

लग्नाच्या पंगतीत शेजारच्याच्या पानातल्या श्रीखंडावर प्रवचन देणारे आमच्यातही आहेत. त्यांनी कृपा करून गप्प बसावं. त्याहून वाईट म्हणजे दूधवाल्या शेतकऱ्याला गुन्हेगार ठरवणं. आपल्या कोरडवाहू जिल्ह्यात पावसानं दगा दिला की कित्येक घरांचा आठवड्याचा बाजार दुधाच्या पैशावर होतो. त्याला शिव्या देण्यापेक्षा त्याच्याच शेतातली ज्वारी, तूर, करडई थेट आणि बऱ्या भावानं घेतली, तर तो आपलं निदान ऐकून तरी घेईल.

प्रचार करताना दोन गोष्टी लपवू नयेत. बी-१२ जीवनसत्त्व या आहारातून भरवशानं मिळत नाही. ते गोळीतून किंवा ते मिसळलेल्या पदार्थांतून घ्यावंच लागतं. लहान मुलं आणि गरोदर बायकांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बदलू नये. दुसरं, पाकिटावरचा हिरवा ठिपका म्हणजे दूध नाही असं नव्हे. दूध पावडर घातलेल्या बिस्किटावरही तो असतो. व्हीगन पदार्थांसाठी एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०२२ मध्ये वेगळे नियम आणि वेगळं चिन्ह आणलं आहे. खरेदी करताना ते शोधावं.

शहरातल्या केटरर मंडळींना एक विनंती. कोणत्या पदार्थात दूध-तूप आहे, एवढी चिठ्ठी बुफेच्या टेबलावर ठेवावी. दूध न पचणाऱ्यांचीही सोय होईल. आणि आपण आपल्या पाककृतींच्या सदरात आठवड्याला एक बिनदुधाचा सोलापुरी पदार्थ छापलात, तर पहिली कृती शेंगांच्या कढीची मी पाठवीन.

आपली,
एक वाचक, जुळे सोलापूर