मावशी, ती फरशी ओली नव्हतीच

प्रिय मावशी,

सकाळी सव्वाअकराला आणि दुपारी साडेतीनला आपल्या मजल्यावरच्या स्टोअररूमसमोर पिवळी पाटी उभी राहायची : फरशी ओली आहे, जपून चाला. आठ महिने, रोज दोनदा. फरशी ओली नव्हतीच हे आता सांगून टाकायला हरकत नाही. तुम्ही त्या ऑफिसात नाही आणि माझा दूध काढायचा पंपही माळ्यावर गेलाय. ॲडमिनच्या साहेबांनी एकदा विचारलं होतं, “इथे रोज काय सांडतं हो?” तुम्ही मान वर न करता म्हणालात, “सांडत न्हाई सायेब, भरतंय.” त्यांना काही कळलं नाही. मी आत दाराआड तोंडावर ओढणी धरून हसत होते.

त्याआधीचे नऊ दिवस मी संडासात काढले. कमोडचं झाकण पाडून त्यावर बसायचं, पंप मांडीवर, बाटली गुडघ्यांत, कान दाराकडे. पंपाचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मधूनमधून फ्लश ओढायचा. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटांत जेमतेम ३० मिली निघालं. बाहेर कुणी दार वाजवलं की पान्हा जागच्या जागी थांबायचा, आणि संध्याकाळी ट्रेनमध्ये छाती दगडासारखी व्हायची.

मी काही न वाचता आले नव्हते हो. बाळंतपणाच्या रजेत मातृत्व लाभ कायदा पाठ केला होता. २०१७ च्या दुरुस्तीनंतर २६ आठवड्यांची भरपगारी रजा, ५० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर, दिवसातून चारदा तिथे जायची मुभा. आणि मूळ १९६१ च्या कायद्यातच, मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन सुट्ट्या. सगळं चांगलंच आहे. पण हा कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बाळ हाकेच्या अंतरावर होतं. माझी लेक डोंबिवलीला, मी अंधेरीत. मधे फास्ट लोकल, घाटकोपरचे जिने आणि मेट्रो. सव्वापाच महिन्यांचं मूल सकाळच्या लेडीज डब्यात घेऊन कोण चढेल? हिरकणी निदान स्वतः कडा उतरून बाळापाशी पोचली. तिच्या नावाचे कक्ष आता एसटी स्टँडांवर असतात. डिसेंबर २०२२ मध्ये आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांचं बाळ घेऊन अधिवेशनाला गेल्या, तेव्हा नागपूरच्या विधानभवनातही हिरकणी कक्ष झाला. माझ्या बाबतीत मात्र मी नाही, दुधानं कडा उतरायचा होता. त्यासाठी काय हवं? एक दार, एक कडी, एक प्लग आणि एक खुर्ची. एचआरला मेल केला तर उत्तर आलं, कॉन्फरन्स रूम बुक करा. तिला चारही बाजूंनी काच.

दहाव्या दिवशी तुम्ही दार वाजवलंत. “मॅडम, बरं न्हाई का? रोज याच टायमाला बसताय.” मी दार किलकिलं केलं. तुम्ही पंप पाहिलात, बाटली पाहिलीत, आणि तुमचा चेहराच बदलला. “लेकराचं जेवण संडासात काढताय व्हय?” रागावलात की काय, असं वाटलं. रागावलाच होतात, पण माझ्यावर नाही.

दुपारी साडेतीनला स्टोअररूम तयार होती. कागदाची रिमं एका भिंतीला, दिवाळीचे आकाशकंदील वर, मोडक्या खुर्च्यांतली त्यातल्या त्यात धड एक पुसून मधोमध. तिच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी, कारण ती डुगडुगायची. बाहेर पिवळी पाटी आणि पाटीशेजारी तुम्ही, बादली घेऊन. तेवढ्या वेळात तुमचे दोन मजले राहायचे आणि सुपरवायझरची बोलणी तुम्ही खायचात, हे मला फार उशिरा समजलं. तुम्ही सांगितलं नाहीत. मीही विचारलं नाही, याची लाज वाटते.

आणि तो बाटली सांडल्याचा दिवस. १२० मिली, तोवरचं सगळ्यात जास्त. झाकण लावताना कोपर लागलं आणि सगळं जमिनीवर. मी बसून रडले. तुम्ही आत आलात, हातातला पोछा बाहेरच टेकवलात, पिशवीतून धुतलेलं पांढरं फडकं काढलंत आणि त्यानं दूध टिपलंत. मग ते फडकं खिडकीतल्या मनी प्लांटच्या कुंडीत पिळलंत. “ह्याच्यावर कुणाचा पाय पडू द्यायचा न्हाई,” एवढंच बोललात.

मग शीवच्या हॉस्पिटलातली गोष्ट निघाली. तुमचा मुलगा सातव्या महिन्यात झालेला, सव्वा किलोचा. तुम्हाला ताप, अंगावर दूध नाही, आणि त्याला काचेच्या पेटीत नळीनं दूध जात होतं, ते दुसऱ्या बायांचं. “कुणाकुणाचं हुतं, आजून ठाव न्हाई,” म्हणालात. मी घरी येऊन वाचलं : शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये सुरू केलेली ती दुग्धपेढी आशियातली पहिली. दान आलेलं दूध तिथे ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून, मग थंड करून ठेवतात. तुम्हाला ते अंश माहीत नव्हते. एका वाटी दुधाची किंमत मात्र माझ्यापेक्षा पक्की माहीत होती.

हातानं दूध काढायलाही तुम्ही तिथेच शिकला होतात. ऐन मार्चअखेरीला पंपाचा तो चिमुकला रबरी व्हॉल्व्ह फाटला, मोटर नुसती घुरघुरत राहिली. माझ्या छातीत गाठी. तुम्ही कडी लावलीत आणि हवेतच दाखवलंत : अंगठा वर, बोटं खाली, काळ्या भागाच्या जरा मागं. आधी छातीकडं दाबायचं, मग जवळ आणायचं. बोटं घसरवायची नाहीत. “गाईसारकं वढू नका, बाय, पिचकारी दाबल्यागत दाबा.” दहा मिनिटांनी धार लागली. साडेअकरा हजारांचा पंप टेबलावर गप पडून होता.

पँट्रीच्या फ्रिजमधून माझी बाटली कुणीतरी दोनदा बाहेर काढून ठेवली. किळस वाटत असावी. त्याच फ्रिजमध्ये कुणाची तरी सुकट असायची, तिची कुणाला वाटत नव्हती. खोलीच्या हवेत हे दूध चारेक तास टिकतं, अंधेरीच्या मे महिन्यात तेवढाही भरवसा नाही. मग तुम्ही घरून कडीचा स्टीलचा डबा आणलात. बाटल्या त्यात, डबा फ्रिजच्या तळाशी, आणि वर चिकटपट्टीवर तुमच्या वळणदार अक्षरात ‘औषद’. त्या ‘औषदा’ला परत कुणाचा हात लागला नाही. संध्याकाळी तोच डबा बर्फाच्या पाकिटांत गुंडाळून मी घाटकोपरहून उभ्यानं न्यायचे. घरी सासूबाई वाटी-चमचा घेऊन तयार. बाटलीत वर साय धरलेली असायची, ती त्या हलक्या हातानं फिरवून एकजीव करायच्या आणि रोज विचारायच्या, “आज मावशींनी काय सांगितलं?”

जूनमध्ये हाउसकीपिंगचा ठेकेदार बदलला आणि तुम्ही सोमवारी आलाच नाहीत. सोळा वर्षं तिथे असलेल्या बाईला निरोपाचा चहासुद्धा नाही. मला बाळ झालं तेव्हा याच ऑफिसनं केक कापला होता.

नाव लिहू का म्हणून फोनवर विचारलं, तर “मावशी लिवा की, बास,” म्हणालात. तसंच लिहिलंय. हे पत्र तुमचा मुलगा तुम्हाला वाचून दाखवील. तो सव्वा किलोचा आता रिक्षा चालवतो, हे ऐकून आमच्या घरी सगळ्यांना फार बरं वाटलं. वाचताना मधे लाजला तर त्याला सांगा, यात तुझीही गोष्ट आहे.

तुमचा डबा अजून माझ्याकडे आहे. रिकामा परत करायचा नसतो. अळिवाचे लाडू काही तुम्हाला चालायचे नाहीत, म्हणून बेसनाचे करतेय. रविवारी दुपारी घरी आहात ना? लेकीलाही आणते. ती आता पोळी खाते, पण डबा दिसला की हात पुढे करते.

तुमची,
स्टोअररूमवाली