वाए रेबोला येणाऱ्या सदस्यांसाठी सूचना

नमस्कार मंडळी,

इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावरच्या वाए रेबो गावी जाताना काही गोष्टी आधीच ध्यानात घ्या. डेंगे गावानंतर गाडीरस्ता संपतो आणि पुढे जंगलातली चढाची पायवाट आहे. चांगल्या पकडीचे बूट हवेतच, पावसात जळवा असतात.

गावात शिरल्यावर आधी मुख्य घरात जायचं. तिथे ज्येष्ठ मंडळी पूर्वजांना आपल्या येण्याची वर्दी देतात. तो विधी होईपर्यंत कोणीही फोटो काढू नये, अगदी मोबाईलवरही नाही. ही विनंती नाही, नियम समजा.

जमिनीपर्यंत उतरलेल्या गवती छपरांची ती 7 शंकूच्या आकाराची घरं म्हणजे ‘म्बारू नियांग’. सांगाडा लाकूड-बांबूचा, एकही खिळा न मारता वेताने बांधलेला. आत 5 मजले: खाली चूल आणि राहणं, वर रोजचं धान्य-सामान, मग बियाणं, त्याच्या वर दुष्काळासाठी धान्य, शेवटी पूर्वजांचा नैवेद्य. या घरांच्या जतनाला 2012 मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. माणसं आजही तिथे नांदतात, म्हणून न विचारता कुणाच्या दारात डोकावू नका.

मुक्काम चटईवर, सर्वांसोबत. रात्री गारठा असतो, स्वेटर घ्या. कॉफी गावचीच, विकत घ्यायची तर रोख रुपिया जवळ ठेवा.