मिरामारच्या चणेवाल्या दादांना

दादा, नमस्कार.

तुमचं नाव मी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी ते असं चारचौघांत लिहिलं नसतं. मिरामारला गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या समाधीच्या बाजूने वाळूकडे जाताना तुमचा चणे-शेंगदाण्यांचा गाडा लागतो, एवढ्यावर तुम्ही स्वतःला ओळखाल. त्या शनिवारी संध्याकाळी पांढरी टोपी घातलेले, एकाच पायात चप्पल असलेले जे आजोबा तुमच्याकडे आले, त्यांची मी मुलगी. अजूनही ती संध्याकाळ आठवली की पोटात गोळा येतो.

बाबांना डिमेन्शिया आहे. गडहिंग्लजला त्यांचं किराणा दुकान होतं. काजू आणि आमसुलांच्या खरेदीला ते आंबोलीचा घाट उतरून एसटीने पणजीला यायचे आणि काम उरकलं की मिरामारला जाऊन बसायचे. आता सकाळी काय खाल्लं ते दुपारी सांगता येत नाही, पण मांडवी समुद्राला कुठे मिळते आणि पलीकडे आग्वादचा किल्ला कुठल्या अंगाला दिसतो, हे हात करून दाखवतात. म्हणून त्यांना आणलं होतं. समाधीपाशी आल्यावर ते आपणहून थांबले, हात जोडले आणि म्हणाले, “भाऊसाहेब.” माझं नाव त्या दिवशी त्यांच्या तोंडून एकदाही आलं नव्हतं, तरी मला भरून आलं.

दिवस कलायला लागला की या आजारात जिवाची घालमेल वाढते. तसंच झालं, आणि त्या गर्दीत ते आमच्यापासून सुटले. मी पाण्याच्या कडेने धावत होते. तिथलं पाणी पोहण्याजोगं नाही, आत ओढ असते, हे सगळे सांगतात, त्यामुळे डोळ्यांसमोर नको नको ते येत होतं. भाऊ सुरूच्या झाडांतून हाका मारत फिरत होता.

त्या वेळात बाबा कुणाकुणाला भेटले ते मला नंतर कळलं. एका फाटकावरच्या रखवालदाराने “पिऊन आलाय” म्हणत त्यांना हाकललं. त्यांचा तोल जातो तो आजाराने, पण समुद्रावर झोकांड्या देणारा म्हातारा म्हणजे दारुडाच, असं ठरलेलं. काही पोरांनी त्यांचा व्हिडिओ काढला. बाबा त्यांना विचारतायत, “माझं दुकान कुठं आलं हो?” आणि पोरं हसतायत. तो व्हिडिओ त्यांनी मलाच दाखवला, “हेच का?” म्हणून. त्या पोरांच्या हातात मोबाइल होता, समोर त्यांच्या आजोबांच्या वयाचा माणूस होता, आणि त्याला हाताला धरून बसवावंसं एकालाही वाटलं नाही. आदल्या दिवशी हॉटेलवाल्यानेही ऐकवलं होतं, “अशा माणसांना घेऊन कशाला फिरता?” त्याचं उत्तर मला तेव्हा सुचलं नाही. आता देते. फिरते, कारण त्यांनाही समुद्र आवडतो.

आणि मग तुम्ही. तुमच्याही पुढ्यात त्यांनी तोच प्रश्न विचारला असणार. तुम्ही म्हणालात, “बाब, हांगा बस. हेंच दुकान.” तुमचं बसायचं स्टूल त्यांना दिलंत. खिशातली चिठ्ठी बघून मला फोन लावलात. ते कुणीही भला माणूस करेल, निदान करायला हवं. पण त्यांचे हात स्वस्थ बसत नाहीत हे बघून तुम्ही त्यांच्या पुढ्यात कागदांचा गठ्ठा ठेवलात, हे कुठून सुचलं तुम्हाला?

मी धापा टाकत पोचले तेव्हा बाबा पुड्या बांधत होते. कागद तिरका धरायचा, अंगठ्यावर फिरवायचा, खालचं टोक मुडपून आत खोचायचं. शर्टाचं बटण त्यांना लावता येत नाही, दादा. डॉक्टर म्हणाले होते की नावं, चेहरे पुसले गेले तरी हातांची जुनी सवय बराच काळ टिकते. ते मी ऐकलं होतं, पाहिलं तुमच्या गाड्यावर. तुम्ही त्यात चणे भरून गिऱ्हाइकांना देत होतात आणि सांगत होतात, “आज आमचे शेठ आलेत.”

मी त्यांना मिठी मारायला झेपावले आणि तुम्ही हात आडवा केलात. हळूच म्हणालात, “थांबा ताई, हातातली पुडी होऊ दे.”

मी थांबले. त्यांनी पुडी पुरी केली, तुमच्याकडे दिली, मग वर बघितलं. त्यांना हरवलेला माणूस म्हणून कुणी उचलून नेलं नाही. काम संपवून ते उठले. आजारी माणसाची काळजी घेणारे मी पुष्कळ बघितले, त्यांत मीही आले. त्याचा मान राखणारा मात्र क्वचित भेटतो. सूर्य बुडायची वेळ म्हणजे तुमच्या धंद्याची ऐन वेळ. गाड्याभोवती माणसं उभी होती, तुम्ही स्वतः उभे होतात, आणि तरी एका अनोळखी म्हाताऱ्याची पुडी पुरी होईपर्यंत तुम्हाला घाई नव्हती. गोव्याची माणसं चांगली, असं बाबा आम्हाला लहानपणी सांगायचे. तुम्ही मूळचे कुठले ते मला ठाऊक नाही, पण मला आता तुम्हीच गोवा.

घरी बाबांना मी जुन्या वह्यांचे कागद देते. दिवस कलताना ते पुड्या करत बसतात आणि त्या वेळची त्यांची तडफड खूप कमी झाली आहे. आईला आता संध्याकाळी चहा बसून पिता येतो.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, वर चणेच दिलेत. दिवाळीनंतर आम्ही पुन्हा येणार आहोत. येताना शेंगा आणि गुळाची ढेप आणते, ती तरी नको म्हणू नका. आणि जमलं तर शेठना घटकाभर स्टुलावर बसू द्या.

तुमची,
गडहिंग्लजची ताई