वडिलांनी पाठवलंय म्हणून

आदरणीय नेस्मिथ सर,

तुम्हाला जाऊन 80 वर्षं उलटली. तरी लिहिल्यावाचून राहवेना.

मी तेरा वर्षांचा होतो. एसटीत कंडक्टर असलेल्या बाबांनी मला तुम्ही शोधलेल्या बास्केटबॉलच्या मैदानावर धाडलं, "जा, तिथले सर शिकवतील." सरांनी विचारलं, "कोणी पाठवलं?" म्हटलं, "बाबांनी." "मग बाबांकडेच शीक की, तिकिटं फाडायला!" शेजारचे दोघंही हसले. चेंडूला हात न लावता घरी आलो.

परवा जॉन मॅक्लेंडनची, पुढे बास्केटबॉलचा प्रशिक्षक झालेल्या माणसाची, हकिकत वाचली. 1933 साल, अमेरिकेतलं कॅन्सस विद्यापीठ. एक कृष्णवर्णीय पोरगा तुमच्या दारात उभा राहून म्हणतो, तुम्ही माझे मार्गदर्शक. कोण म्हणतं? वडील म्हणतात. तुम्ही एकाहत्तरीचे, अख्खा बास्केटबॉल ज्यानं जन्माला घातला तो माणूस. आणि म्हणालात काय, तर वडिलांचं बरोबरच असतं, ये आत.

इथे मी मोबाईल खाली ठेवला.

लोक 1891 च्या पहिल्या खेळात जाळ्याऐवजी टांगलेल्या पीचच्या टोपल्या आणि खेळाचे ते 13 नियम सांगत बसतात. सांगू देत. कॅन्ससचे प्रशिक्षक म्हणून तुम्ही 55 सामने जिंकलात, 60 हरलात. तिथल्या प्रशिक्षकांत तोट्यातला हिशेब एकट्या तुमचाच! आमचे ते सर जिंकायचे म्हणे बरेच.

त्या पोराला विद्यापीठानं संघात घेतलंच नाही, रंगापायी. तो पोहण्याच्या तलावात उतरला, तर तलावच रिकामा केला. तुम्ही मात्र त्याला शिकवत राहिलात. पुढे त्यानं काय केलं ऐका. 1944 मध्ये अमेरिकेतल्या डरहॅम गावी, गोऱ्या-काळ्यांनी एकत्र खेळायला बंदी असताना, रविवारी सकाळी गाव चर्चमध्ये असताना, व्यायामशाळेची दारं लावून आपल्या कृष्णवर्णीय संघाचा ड्यूक विद्यापीठाच्या गोऱ्या मेडिकलवाल्यांशी चोरून सामना खेळवला. 88-44 नं जिंकला. मग म्हणे दोन्हीकडची पोरं मिसळून पुन्हा खेळली. 1957 ते 59 अशी सलग तीन वर्षं टेनेसीच्या विद्यापीठातल्या पोरांना राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. तुम्ही 1939 लाच गेलात, बघायचं राहिलं.

रात्री बाबांना सगळं वाचून दाखवलं. मैदानावरचं ते बोलणं मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. "जागा भरल्या" म्हणून वेळ मारून नेली होती. ते डोळे मिटून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "त्या पोराला पुढे पोहू दिलं का रे?"

"दिलं, बाबा. तलाव सगळ्यांना खुला झाला."

"हं. मग ठीक."

आपला,
एका कंडक्टरचा मुलगा